शेजारच्या प्रेसची सुट्टी

सुझान सातिवलीला आली ती उरलेली दोन खोकी न्यायला. तिच्या कंपनीची प्रयोगशाळा गेल्या वर्षीच बंगळुरूला हलली होती. गाळ्याचं शटर उघडलं आणि आधी जाणवली ती शांतता. शेजारचा जयवंतकाकांचा स्टीलच्या वाट्यांचा कारखानाही आता कामणला गेला होता.

इथे ती आणि तिचा सहकारी विघ्नेश दोन लेझर घेऊन बसायचे. दोन्ही प्रकाशांच्या रंगात अगदी किंचित फरक ठेवायचा आणि ते एकाच फायबरमधून एका छोट्या डिटेक्टरवर सोडायचे. त्या फरकातून मिलिमीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी तयार व्हायच्या. वायरीशिवाय प्रचंड माहिती वाहून नेणाऱ्या. पण शेजारची वाट्या ठोकणारी प्रेस धाडकन आपटली की टेबल हादरायचं आणि पडद्यावरची त्या लहरींची रेघ थरथरायला लागायची.

"काका, थोडा वेळ प्रेस थांबवाल का?" एकदा सुझानने जाऊन विचारलं होतं.

"थोडा वेळ कशाला? आमची जेवणाची सुट्टी तुमची!"

तेव्हापासून तिकडे डबे उघडले की इकडे लेझर चालू व्हायचे. आपले डबे मग हे दोघं दणदणाटात खायचे. एका दुपारी रेघ स्थिर राहिली. सुझानने आपल्या गच्चीवरचा, लहरींवरून चित्र पाठवणारा कॅमेरा खाली जेवत बसलेल्या काकांकडे वळवला. समोरच्या गोदामाच्या गच्चीवर रिसीव्हरपाशी बसलेला विघ्नेश तिथूनच ओरडला, "काका, भाकरीबरोबर मेथी आहे, तीसुद्धा दिसतेय!"

विघ्नेश हल्ली पुण्याला नोकरीला होता.

खोकी गाडीत ठेवून सुझान परत निघाली होती, पण गाडी तिने कामणकडे वळवली.

काकांची नवी प्रेस हायड्रॉलिक होती, जवळजवळ मुकी. त्यांनी चहा मागवला.

"बंगळुरूला बरं आहे ना, मॅडम?"

"छान आहे, काका. टेबल जरासुद्धा हलत नाही. कधीही काम करा." ती हसली. "म्हणून मग जेवायचंच राहून जातं."

काका हसले नाहीत. "आणि तुमच्या लहरी?"

"पावसाळा संपला की अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून समोरच्या बेटावर पाठवून बघणार आहोत. याल?"

"होडीत बसावं लागेल?"

"किनाऱ्यावर थांबलात तरी चालेल."

"छे! तिकडे पडद्यावर काय उमटतं ते बघायला नको?" काकांनी कप खाली ठेवला. "विघ्नेश येतोय का?"

सुझानने तिथूनच त्याला फोन लावला. काकाही बेटावर येणार हे ऐकताच तो म्हणाला, "तारीख सांगा फक्त. रजा टाकतो."