बसलो की खलास

मी चाकांची खुर्ची बोलतेय. हो, तीच, दवाखान्यातली. मला बघितलं की माणसं नजर चुकवतात, त्याची सवय आहे मला. पण आज जरा थांबा. बसा म्हणत नाही, नुसतं ऐका.

माझा जन्म अमेरिकेतला. ओहायोमधल्या एका लहान गावाच्या हॉस्पिटलात मी नवी कोरी दाखल झाले. तिथली एक रीत मला भारी आवडायची. माणूस बरा होऊन टुणटुणीत चालू लागला, तरी घरी जाताना त्याला माझ्यात बसवून थेट गाडीपर्यंत सोडायचे. "अहो, मला चालता येतं," म्हणत लोक लाजायचे आणि बसायचे. लेकीची पाठवणी करावी तसं वाटायचं मला.

पुढं ते हॉस्पिटल एका मोठ्या कंपनीनं घेतलं. कडक इस्त्रीची माणसं आली, फिरली, मान हलवून गेली. बाळंतपणाचा विभाग परवडत नाही म्हणून आधी तो बंद झाला. मग तातडीचे उपचार. शेवटी दारालाच कुलूप. आमचं सामान बाहेर काढून ठेवलं होतं, तेव्हा एक पोटुशी बाई आली. कळा सुरू झालेल्या. कुलूप बघून नवऱ्यानं गाडी तशीच पुढच्या गावाकडं वळवली. मी तिथंच पायरीपाशी, रिकामी! असा संताप झाला म्हणून सांगू. ती वेळेत पोचली का, देव जाणे.

लिलावात विकली गेले आणि कंटेनरमधून कतारला, दोह्याला आले. शहराबाहेर, कामगारांच्या कॅम्पजवळ एक खासगी क्लिनिक होतं. फुटबॉलचा वर्ल्ड कप तोंडावर आलेला, जिकडं बघावं तिकडं क्रेन. स्टेडियम बांधणाऱ्या एका कंपनीनं आपल्या माणसांच्या औषधपाण्याचं कंत्राट या क्लिनिकला दिलं होतं. मी मराठी शिकले ती इथंच.

इथल्या डॉक्टर आसावरीबाई पुण्याच्या, दोह्यातल्या अल सद्द भागात राहणाऱ्या. बोलणं थोडकं, पण नजर तीक्ष्ण. मॅनेजर गुरुप्रसाद मिरजेचा. माणूस वाईट नाही हो. त्याच्या टेबलावर ओव्याची डबी असायची. छातीत जळजळतंय म्हणत कुणी आला, की आधी चिमूटभर ओवा त्याच्या हातावर. आपल्या माणसांना छातीत काहीही झालं तरी ते पित्तच असतं ना! स्वतः गुरुप्रसादही दिवसभर ओवा चघळायचा.

माझ्यात मात्र कुणी बसायला तयार नसे. खुर्चीत बसला तो अनफिट, आणि अनफिट झाला त्याला कंपनी घरी धाडते, असं कॅम्पभर झालेलं. लोक मला वळसा घालून जायचे.

एका उन्हाळ्यात, दुपारी, महिपती आला. बीडकडचा, परांची बांधणारा दणकट गडी. चेहरा राखेसारखा, शर्ट घामानं चिंब.

"काय न्हाई मॅडम, पित्त खवळलंय. कालवण तिखट झालं हुतं."

"डावा हात का चोळताय मग?"

"अवघडलाय."

आसावरीबाईंनी मला पुढं ओढलं. "बसा. मोठ्या हॉस्पिटलला जायचंय."

तो दोन पावलं मागं सरला. "त्यात न्हाई बसायचा. बसलो की खलास! पोरगी बारावीला हाय मॅडम."

गुरुप्रसाद हळूच म्हणाला, "डॉक्टर, आधीच खूप जणांना मोठ्या हॉस्पिटलला पाठवलंय आपण. कंपनी म्हणते, सगळ्यांना तिकडंच पाठवायचं तर तुम्ही कशाला? कंत्राट गेलं तर या लोकांना हा दवाखाना तरी राहील का? थोडा वेळ बघूया. ओवा देतो."

आणि गंमत म्हणजे त्याचं म्हणणं अगदीच खोटंही नव्हतं. तसलंच बोलणं मी ओहायोतही ऐकलं होतं, इंग्रजीतून.

आसावरीबाईंनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. त्या महिपतीला म्हणाल्या, "पोरीला बाप पाहिजे, का पेटीतून आलेले बापाचे नुसते कपडे?"

महिपतीचे डोळे भरले. तो बसला, अंग चोरून, जणू वजन पडलं तर मी चुगली करीन. आणि मला ॲम्ब्युलन्सपर्यंत पळत पळत ढकलत कोण आलं? गुरुप्रसादच!

महिपती वाचला. कंपनीनं त्याला अनफिट ठरवलंच. आणि कंत्राट मिळालं दुसऱ्या क्लिनिकला, जिथून माणसं सहसा कुठं पाठवत नाहीत.

आज आमचं दार बंद व्हायचा दिवस. सामान पुन्हा बाहेर, मी पुन्हा पायरीपाशी. सकाळी विमानतळाकडं जाणारी कंपनीची बस समोर थांबली आणि महिपती उतरला.

"जीव वाचवलात मॅडम. पण पोटावर पाय आलाच की."

"आला. माझ्याही आला."

दोघं एकमेकांकडं बघून कसंनुसं हसले. बसवाला हॉर्न मारून 'यल्ला, यल्ला', चला लवकर, म्हणून ओरडत होता. आसावरीबाईंनी मला फिरवलं.

"बसा."

"आता चालता येतंय की मला!"

"माहितीये. बसा."

या वेळी तो ऐसपैस बसला. बसच्या दारापर्यंत आम्ही त्याला पोचवलं. किती वर्षांनी हे काम नशिबी आलं! मी भरून पावले.

मला परत दवाखान्याच्या दाराशी सोडून, पर्स घेऊन आसावरीबाई आपल्या गाडीकडं निघाल्या. गुरुप्रसाद कुलूप लावता लावता मालकाशी फोनवर बोलत होता, "हो सर, दुसरं कंत्राट मिळेल, इन्शाल्ला." फोन ठेवला आणि तो मटकन माझ्यातच बसला. याआधी तो कधी बसला नव्हता.

त्याची पाठ ओलीचिंब आहे. मुठीनं छाती चोळतोय. खिशातून डबी काढलीय, झाकण उघडेना. डाव्या हातात बळच नाही.

"पित्तच आहे," तो स्वतःशी पुटपुटतोय.

तिकडं गाडी सुरू झाली. बाई मागं बघत नाहीत. अहो, मला आवाज नाही, तुम्हाला आहे! गाडी अजून वळणावर गेलेली नाही. मारा ना हाक कुणीतरी!