सख्खा, चुलत, मावस सोडून कुणीही

आमच्या घरात ‘बाहेरचा माणूस’ म्हणजे चुलतसासऱ्यांच्या व्याह्यांचा भाऊ. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी हे मला नीट कळलं ते नव्या घराच्या कागदांवर साक्षीदार शोधायची वेळ आली तेव्हा.

वकीलबाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. साक्षीदार नात्यातला नको, तुमच्या घरात राहणारा नको, या व्यवहारात त्याचा काही फायदा नको, आणि तुम्ही सह्या करताना तो समोर बसलेला हवा. कागद पाचच्या आत ऑफिसात पोहोचले पाहिजेत. नाहीतर मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाला घर देऊन मोकळा होणार होता, आणि ते गिऱ्हाईक त्याच्या बैठकीत येऊन बसलंय हेही त्याने आम्हाला गोड आवाजात कळवलं होतं.

घर काही मोठं नव्हतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि एक खुर्ची कशीबशी मावेल एवढी बाल्कनी. पण त्याला स्वतःचं दार होतं. आत्ता आम्ही राहतो ते सासऱ्यांच्या छापखान्याच्या वर, अकरा माणसं, एक न्हाणीघर. माझा टूथब्रश मी कपाटात कुलूप लावून ठेवते, कारण मोठ्या जाऊबाईंना ब्रश ओळखू येत नाहीत, निदान त्या तसं म्हणतात. मला ते दार हवं होतं. इतकं हवं होतं की रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

नवऱ्याला मी एकच काम सांगितलं, एक माणूस आण. नवरा खाली छापखान्यात थोरल्या दिरांच्या हाताखाली कागद कापतो. उभं आयुष्य कागद कापण्यात गेलं, पण एकही कागद वाचल्याचं मी पाहिलं नाही. साडेदहाला तो मामेभावाला घेऊन वर आला.

“अहो, हा तर तुमचा मामेभाऊ!”

“पण वेगळ्या घरात राहतो ना.”

मामेभावाने केसांना तेलबिल लावलं होतं. त्याला परत पाठवला. साडेअकराला नवऱ्याने छापखान्यातल्या बाइंडरला आणलं. बाइंडर म्हणजे आत्याबाईंचा जावई. साडेबाराला, विजयी चेहऱ्याने, माझ्या बहिणीच्या नवऱ्याला.

“हा माझ्या नात्यातला नाही,” नवरा म्हणाला, “तुझ्या नात्यातला आहे.”

मी कपाळाला हात लावला. एरवी मी अशा वेळी जे बोलते तेही बोलले, मेहुण्यांसमोरच. मेहुणे खिडकीबाहेर बघत राहिले. नवरा नेहमीसारखा हसला. त्याला असं हसताना पाहिलं की माझं डोकं अजूनच फिरतं.

मग मीच बाहेर पडले. मी औषधाच्या दुकानात काम करते. आमच्या शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचं अक्षर गेली चौदा वर्षं मी एकटी लावतेय. त्यांनी लिहिलेलं त्यांना स्वतःला वाचता येत नाही, म्हणून मला फोन करतात. त्यांना म्हटलं, पाच मिनिटं या, दोन सह्या आहेत. तर महाशय खुर्चीत मागे रेलले. “माझ्या सहीला एक वजन आहे,” म्हणाले. “मी ती कुठेही करत नाही.” खोकल्याच्या औषधाखाली दिवसाला शंभर वेळा करतात! दुकानाच्या मालकाने तर प्रश्न पुरा व्हायच्या आतच हात वर केले. “घराच्या भानगडीत मी पडत नाही.” जसं काही मी त्याला भिंत अंगावर घे म्हणत होते.

घरी परतताना हिशेब सोपा झाला होता. गल्लीतली निम्मी माणसं आमची नातेवाईक, आणि उरलेल्या निम्म्यांशी सासऱ्यांनी भांडण करून ठेवलेलं. त्यातला सगळ्यात जवळचा म्हणजे भिंतीपलीकडचा तराजू.

तराजू हे नाव आमच्याकडचं. गृहस्थ वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी तक्रार दिली, की दुपारी कटिंग मशीन चालू झालं की त्यांच्या कपाटातल्या बशा वाजतात. तेव्हापासून आमच्या घरातलं कुणी त्यांच्याशी बोलत नाही. बोलायचं नाही असं ठरलेलं, म्हणून जिन्यात भेटले तर आम्ही अकराच्या अकरा जण कठड्याकडे बघतो. मला हा माणूस मनापासून आवडत नसे. दाढी घोटलेली, चपला रेघ मारल्यासारख्या ठेवलेल्या, आणि चेहऱ्यावर कायम ‘मला माहीत होतं’ असा भाव.

साडेतीनला मी नवऱ्याला ओढत नेऊन त्यांच्या दारात उभं केलं.

“काका, एक विनंती होती.”

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे तुम्ही इथून जाणार?”

“हो.”

“मग या की आत,” ते म्हणाले. एवढ्या आनंदाने आमचं स्वागत त्या गल्लीत कुणी केलं नसेल.

टेबलावर त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, त्यावर कागद ठेवले आणि वाचायला लागले. साक्षीदाराला वाचायची गरज नसते, असं मी दोनदा सुचवलं. ते पान उलटत राहिले. चारला दहा कमी. चार. चार वाजून पाच. शेवटी मी माझ्या सह्या केल्या आणि त्यांनी माझ्या नावापुढे साक्षीदार म्हणून सही केली, बारीक, सरळ, प्रत्येक अक्षर वेगळं. मग पेन नवऱ्याच्या हातात दिलं, आणि सोडलंच नाही.

“इथे लिहिलंय, स्वखुशीने,” ते नवऱ्याला म्हणाले. “स्वखुशीने करताय ना?”

“करताहेत ना,” मी म्हणाले.

“मी यांना विचारलं, वहिनी.”

नवरा हसला. त्याचं ते नेहमीचं.

“हसू नका. माझ्या सहीखाली मी खोटं लिहून देणार नाही. भिंत पातळ आहे. रोज साडेसातला वहिनींचा आवाज येतो, मला घड्याळ बघावं लागत नाही. हे घर घ्यायचं कसं ठरलं ते मी चार महिने ऐकतोय. तुमचा आवाज त्यात एकदाही आला नाही.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही जरा बाहेर थांबता का?”

संतापाने माझे कान तापले. पण घड्याळात चार वीस झाले होते आणि गल्लीत दुसरा माणूस नव्हता. मी बाहेर जिन्यात येऊन उभी राहिले. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत खुर्ची सरकली. मग नवऱ्याचा आवाज आला, आणि आधी मला तो ओळखूच आला नाही. इतकी वाक्यं त्याने सलग बोललेली मी ऐकली नव्हती.

“घर मलाही हवंय हो. दादाच्या हाताखाली कागद कापून कापून वीट आलाय. पण असं आहे काका, इथे आम्ही अकरा जण आहोत. तिचं बोलणं सगळ्यांत वाटून जातं. थोडं थोरल्या वहिनीला, थोडं आईला, थोडं आत्याच्या जावयाला. तिथे गेल्यावर मी एकटाच.”

“मग नका करू सही.”

मी कठडा धरला. एका शब्दावर माझं दार आलं होतं, आणि तो शब्द, ज्याला मी अठरा वर्षांत काही बोलू दिलं नव्हतं, त्याच्या तोंडात होता. आत शिरावं आणि दोघांना चांगलं फैलावर घ्यावं असं वाटलं. पण गेले नाही. मला लाज वाटली. स्पष्टच सांगते, मला स्वतःची लाज वाटली, आणि ऐकणारा तो तराजू असावा याची त्याहून जास्त.

“नाही, करतो,” नवरा म्हणाला. “तिला फार हवंय ते.”

तो बाहेर आला तेव्हा साडेचार झाले होते. कागद माझ्या हातात देताना म्हणाला, “चौकटीबाहेर गेली थोडी.” थोडी कसली! सही खालच्या ओळीवर सांडली होती. आयुष्यभर सरळ कागद कापणाऱ्या माणसाला एवढी चौकट सांभाळता येऊ नये! वाक्य तयार होतं, दातांपर्यंत आलं होतं.

“चालेल,” मी म्हणाले.

आम्ही वकीलबाईंच्या ऑफिसकडे निघालो. वाटेत मी एक अक्षर बोलले नाही. नवरा दर दहा पावलांवर माझ्याकडे चोरून बघत होता, आणि त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता.