शिडीच्या वहीतली सही

मुलांनो, डोळे मिटा आणि एक घर उभं करा. जबलपूरचं, राइट टाउनमधलं. बैठकीतल्या सोफ्यावर महालक्ष्म्यांचे मुखवटे जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेत, शेजारी सराफ्यातून कालच आणलेल्या दोन नव्या नथी. आता समोर एक खुर्ची ठेवा आणि तिच्यात असा माणूस बसवा, ज्याला सगळं माहीत आहे. जमलं? असा एखादा तुमच्याही घरी असेल, म्हणून फार कष्ट पडणार नाहीत.

आपल्या माणसाचं नाव अच्युतराव. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत बाबू होते. त्यांची श्रद्धा एकाच गोष्टीवर होती: पावतीवर. स्कूटरचे कागद हरवले तेव्हा त्यांनी नव्यासाठी अर्ज दिला, पोचपावती घेतली आणि त्या पावतीवर बारा वर्षं स्कूटर चालवली. नवे कागद आणायला कधी गेलेच नाहीत. शेजारी शिडी मागायला आला तर मात्र वहीत त्याची सही घेतल्याशिवाय शिडी जागची हलत नसे. तोंडी शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. स्वतःचा शब्द सोडून.

त्या मंगळवारी त्यांच्यासमोर त्यांच्या धाकट्या भावाची बायको सुमेधा बसली होती आणि तिची दहा वर्षांची मुलगी अपूर्वा. दोघी युरोपातून सुट्टीला आल्या होत्या. अपूर्वाचे बाबा, अनुपम, तिकडे नोकरीला. त्या देशात राहायला परवाना लागतो. दोघींचा परवाना येत्या शनिवारी संपत होता. नव्यासाठी अर्ज केला होता, पण उत्तर आलं नव्हतं. म्हणून परतीचं तिकीट गुरुवारचं. जुना परवाना चालू आहे तोवर घरी पोचायचं, इतकी सोपी गोष्ट. तुम्हाला कळली ना? अच्युतरावांना कळली नाही.

"तिकीट पुढे ढकल," ते म्हणाले. "सोमवारी महालक्ष्म्यांचं जेवण आहे. चाळीस पानं उठणार. विदेशातली सून वाढायला नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

देवीला कोणती सून कुठून आली याच्याशी काही देणंघेणं नसतं. अच्युतरावांना होतं.

"भाऊजी, शनिवारनंतर आम्हाला तिकडे घेणार नाहीत," सुमेधा हळूच म्हणाली.

"अर्जाची पावती आहे ना?"

"आहे. पण..."

"मग काय घाबरून राहिली तू? पावती म्हणजे परवानाच. जगात कुठंही जा."

जग त्यांनी नागपूरपर्यंत पाहिलं होतं.

सुमेधाने मान खाली घातली. मोठ्या दिरांशी वाद घालायचा नसतो, असं तिला शिकवलेलं. हे कोणी शिकवलं असेल? ज्यांना वादात हरायची भीती होती, त्यांनी.

अपूर्वाने आईच्या पर्समधून तो कागद काढला आणि उलटा केला. तिकडची भाषा त्या घरात तिच्याइतकी कोणालाच येत नव्हती.

"मोठे बाबा, मागे लिहिलंय. उत्तर येईपर्यंत तुम्ही या देशात राहू शकता. पण बाहेर गेलात, तर या कागदावर परत येता येणार नाही."

"मागचं कोणी वाचत नसते," अच्युतराव म्हणाले. "ते सगळ्याच कागदांवर छापलेलं असते. ठप्पा पाहा, ठप्पा! एवढीशी पोट्टी मला कागद शिकवते."

आणि हसले. त्यांच्याबरोबर तिकीटवाले श्यामसुंदरजीही हसले. अच्युतरावांनी त्यांना आधीच बोलावून ठेवलं होतं. ते लॅपटॉप उघडूनच बसले होते.

"भाईसाहब, बुधवार की दो सीट हैं, अगले हफ्ते। कर दूँ?"

"कर दो."

अपूर्वाने आईकडे पाहिलं. शाळा तिकडे, बाबा तिकडे. ते एक बटण दाबलं की या दोघी इकडे, आणि किती महिने, ते कोणालाच ठाऊक नाही.

"एक मिनिट, अंकल," ती म्हणाली. पळत गेली आणि फडताळातली शिडीची वही घेऊन आली. तिचं मराठी अक्षर वाकडंतिकडं होतं, पण तिने लिहिलं आणि मोठ्याने वाचलंही: "मी लिहून देतो की अपूर्वा आणि तिची आई या पावतीवर परत जातील. नाही गेल्या तर जबाबदारी माझी." मग तिने पेन पुढे केलं. "मोठे बाबा, सही."

अच्युतरावांनी सवयीने पेन घेतलं. सवयीनेच ते कागदापर्यंत नेलं. तिथे ते थांबलं.

"माझा चष्मा कुठे आहे?"

"डोळ्यांवर आहे," अपूर्वा म्हणाली.

"श्यामसुंदरजी, तुमचा धंदा आहे. तुम्हीच करा ना सही."

"ना ना, भाईसाहब!" श्यामसुंदरजींनी लॅपटॉप अर्धा मिटला. "हम तो टिकट बेचते हैं। लिखके कुछ नहीं देते।"

स्वयंपाकघराच्या दारात अच्युतरावांच्या पत्नी शकुबाई डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"शिडीसाठी लोकांच्या सह्या घेता. आता काहून हात थांबला?"

"विचार करून सांगतो," अच्युतराव म्हणाले.

मुलांनो, अशी माणसं 'विचार करून सांगतो' म्हणाली, की समजायचं, आपण चुकलो हे त्यांना कळलंय आणि ते कबूल करायची त्यांची तयारी नाही. फार वेळ वाट पाहू नये.

अपूर्वानेही पाहिली नाही. तिने त्यांच्या हातातून पेन घेतलं, त्याला टोपण लावलं आणि वही फडताळात जागच्या जागी ठेवून दिली. मग आतल्या खोलीत जाऊन तिने पलंगाखालची आईची मोठी बॅग ओढत बाहेर आणली, बरोबर मोठ्या बाबांच्या खुर्चीपुढे ठेवली आणि गुरुवारसाठी सामान भरायला तिची चेन उघडली.