वकिलांचा शिंपी

“ताप होता म्हणून सांगा, काका. बाकी मी बघते,” वकीलबाई दबक्या आवाजात म्हणाली.

शिंप्याने नुसती मान हलवली. त्या दिवसांत तयार कोट कुणी घेत नसे. कोर्टासमोरच त्याचं दुकान, त्यामुळे त्या आवारातला बहुतेक प्रत्येक काळा कोट त्याच्याच हातचा. तिथेच घोडं अडलं होतं. करखात्याने भलत्याच कुणाचा कर त्याच्या माथी मारला होता. कोर्टात उभा राहिला असता तर सहज सुटला असता. पण ज्यांच्या छातीची मापं घेतली, त्यांच्यासमोर खाली मान घालून उभं कसं राहायचं? तारखेच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून तो घरून निघे आणि रस्ता न ओलांडताच दुकानात शिरे. संध्याकाळी बायकोला सांगे, “पुढची तारीख पडली.” कागद हजर करायचा हुकूमही त्याने असाच अंगावरून जाऊ दिला. एकतर्फी निकाल लागून दुकानाला सील ठोकायचा आदेश निघाला, तेव्हा कुठे बायकोला कळलं. आज निकाल फिरवण्याच्या अर्जावर सुनावणी होती आणि बायको मागच्या बाकावर बसली होती.

“एकाही तारखेला आला नाहीत. का?” न्यायाधीशांनी विचारलं.

शिंप्याने मागे पाहिलं. ताप नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

“लाज वाटली, साहेब.”

कुणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत.

“तुमची बाजू खरी दिसते. पण ती मांडायची वेळ तुम्हीच घालवलीत. लाज हे कारण मला धरता येत नाही.”

अर्ज फेटाळला गेला.

“एकदा खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं, काका?” बाहेर येताच वकीलबाई चिडली.

“घरी बरं सफाईने जमत होतं,” बायको म्हणाली. “नेमकी इथेच जीभ अडली.”

दुपारी बेलिफ कुलूप घेऊन आला. लोकांचे कपडे तेवढे बाहेर काढू दिले. एक जाडेसे वकील आपला अर्धवट कोट न्यायला आले. त्याला एकच बाही होती.

“राहू द्या हो, दुसरीकडे पुरा करून घेईन,” ते नजर चुकवत म्हणाले.

“घालून दाखवा. खांदा उतरतोय.”

भर रस्त्यात वकील एका बाहीचा कोट घालून उभे राहिले. कोर्टाच्या पायऱ्यांवरची माणसं बघत होती. शिंप्याने खांद्याची शिवण चिमटीत धरली. बेलिफ सीलसाठी लाख वितळवत होता. बायको पुढे आली आणि टाचण्यांची डबी उघडून त्याच्यासमोर धरून राहिली.