हिरव्या उजेडाची बाटली

चाकणच्या कारखान्यांत खंडेनवमीला प्रेसपासून स्टॅपलरपर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू लागतं. दादासाहेबांच्या शेडमध्ये पुजायला फारसं काही नव्हतं. ढवळायचं एक यंत्र, एक जांभळा दिवा आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या विजयश्रीने महिनाभर खपून भरलेली छोटी बाटली. विजयश्री सुट्टीवर होती. दादासाहेबांनी झाकणाला हळद लावली. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून झाकण उघडून चिमूटभर आतही सोडली.

बाटलीत स्पिरिट होतं आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे कण. आत लोहचुंबकाला ओढला जाणारा गाभा, वर काचेसारखं कवच, कवचात चमकणारा रंग. पुढेमागे ते रक्ताच्या नमुन्यातल्या कॅन्सरच्या पेशींना चिकटावेत, चुंबकाने गोळा करता यावेत, दिव्याखाली दिसावेत, असा बेत. दादासाहेबांच्या बायकोचा, जयमालाबाईंचा, कॅन्सर कुणाला वेळेत दिसला नाही. त्या गेल्यावर त्यांनी जमीन विकून ही प्रयोगशाळा काढली. भावकीने तिला ताजमहाल म्हटलं, कौतुकाने नव्हे.

आजवरचे कण चुंबकाकडे गेले, पण चमकले नाहीत. ही बॅच शेवटची. नाही जमलं तर मुलगा निरंजन शेड टायरच्या गोडाऊनला देणार होता.

दसऱ्यानंतर विजयश्रीने दिवा लावला. बाटली हिरवीगार उजळली.

"आलं की गं!" दादासाहेब मटकन खुर्चीत बसले. "निरंजनला म्हणावं, टायर घाल तुज्या गळ्यात."

विजयश्रीलाही हसू आलं. मग रीत म्हणून तिने बाटलीला चुंबक लावला. कणांचा काळा थर सरकत एका कडेला जमला. उजेड मात्र जागचा हलला नाही. तिने झाकण काढून वास घेतला.

"दादासाहेब, यात हळद टाकलीत?"

"चिमूटभर. का, इटाळली?"

"स्पिरिटात हळद अशीच चमकते."

"मंग आपले कण?"

"काळेच आहेत. पहिल्यासारखे."

दादासाहेबांनी दाराकडे पाहिलं. "निरंजनला यातलं काय कळतंय? तू न्हाई बोललीस तर..."

विजयश्रीने चुंबक बाटलीला तसाच धरून ठेवला.

"जयमालाचा पयला रिपोर्टबी चांगलाच आलता," ते म्हणाले. "पेढे वाटले व्हते आमी."

दिवा त्यांनीच बंद केला आणि निरंजनला फोन लावला.

"टायर कवा येत्यात?" एवढंच विचारलं.