मेहुण्याचे दोन फोटो

त्या दुपारी रुग्णालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर एका नामवंत खेळाडूचा चेहरा आला. स्वतःला प्रकृतिगुरू म्हणवणाऱ्या पाहुण्यांनी हवेत हात फिरवला आणि जाहीर केलं, "ज्योत." टाळ्या पडल्या. मग एक शास्त्रज्ञ आला, तो खडक. एक नटी, ती वारा. नुसत्या चेहऱ्यावरून माणसाची प्रकृती ओळखतात, ज्योत, खडक, वारा की झरा, म्हणून लोक थक्क.

मी भूलतज्ज्ञ. सकाळपासून शस्त्रक्रियागृहात उभा होतो, घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. थांबलो ते मुलांच्या वॉर्डातल्या एका सिस्टरांसाठी. गुरूंनी मागच्या भेटीत कर्मचाऱ्यांचे फोटो पाहून या सिस्टरांना खडक ठरवलं होतं. खडक मुलांत चालत नाही, म्हणून रुग्णालयाचे प्रमुख, आमचे मोठे डॉक्टर, त्यांची औषधांच्या भांडारात बदली करणार होते. भाजलेल्या मुलांची पट्टी बदलताना त्यांच्याइतका हलका हात आमच्याकडे कुणाचाच नाही. पण त्यांनाच ते पटू लागलं होतं. "असेनही मी तशी, डॉक्टर," त्या मला म्हणाल्या होत्या. "घरचेही म्हणतात, तू हसत नाहीस."

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी एक फोटो पडद्यावर लावायला दिला आणि हे फार मोठे गिर्यारोहक आहेत, असं सांगितलं. गुरूंनी हनुवटी निरखली.

"ज्योत. या डोळ्यांना भीती ठाऊकच नाही."

दुसऱ्या फोटोत दाढी होती, जाड चष्मा होता. हे प्रसिद्ध कवी, मी म्हणालो. गुरूंचा आवाज ओलावला. हा झरा, फार हळवा जीव, याला कुणी दुखवू नका, वगैरे.

"दोन्ही फोटो माझ्या मेहुण्याचे आहेत," मी म्हणालो. "त्याचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. तो पंखा पुसायलासुद्धा स्टुलावर चढत नाही, आणि शाळा सुटल्यापासून त्याने कविता वाचलेली नाही."

हशा पिकला. काही माणसांत दोन प्रकृती नांदतात, असं गुरूंनी शांतपणे सांगितलं. काहींनी मानाही डोलावल्या.

मी मोठ्या डॉक्टरांकडे वळलो. सिस्टरांचा फोटो दाखवताना तुम्ही गुरूंना काय सांगितलं होतं, असं विचारलं. ते म्हणाले, "कडक आहेत, कुणात मिसळत नाहीत, एवढंच."

"म्हणजे आपणच सांगितलं आणि तेच टाळ्या वाजवून परत ऐकलं. प्रसिद्ध माणसांचंही तसंच. त्यांच्याबद्दल सगळं आधीच छापून आलेलं असतं. चेहरा कुणी वाचलाच नाही."

मोठ्या डॉक्टरांनी तिथेच बदली रद्द केली. मागच्या रांगेतल्या सिस्टरांनी फक्त मान हलवली आणि पट्ट्यांची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

बाहेर पडताना एका तरुण डॉक्टरने मला गाठलं. "सर, पण तुमच्या मेहुण्यांची खरी प्रकृती कोणती?"

मी भिंतीला टेकलो. म्हटलं, मला माहीत नाही. माणूस जाणून घ्यायचा असेल तर त्याच्याशी बोला, त्याचं काम बघा. वेळ लागतो. पण दुसरा रस्ता नाही.