फेऱ्याच्या वाटेची घोंगडी

थंडीत अंगावर ओढून घेता ना, त्यातलीच मी एक काळी, खरखरीत घोंगडी. आज थोडं माझंही ऐका.

धनगराच्या मागावर मी विणले गेले, चिंचोक्याच्या खळीनं ताठ झाले आणि घोटीच्या बाजारातून चंदरच्या खांद्यावर बसून पेठच्या डोंगरातल्या पाड्यावर आले. चंदरच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना असायची. मला जमिनीवर अंथरत. चंदर पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, इस्राएल लोकांच्या गोष्टी वाचायचा आणि त्याची बायको भागीबाई डोळे मिटून ऐकायची. तिला वाचता येत नव्हतं. चंदर वारला, पुस्तक फडताळात गेलं. गोष्टी मात्र तिच्या तोंडी राहिल्या.

माणूस घाबरला की मला आधी कळतं. त्याची बोटं माझ्यात रुततात.

त्या श्रावणात भागीबाईच्या सुनेची, मोहिनीची बोटं तशी रुतली. दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या, आणि पाड्यावर गाडी येत नाही. तिच्या नवऱ्यानं, राजूनं, मला वेळूला बांधून डोली केली. पुढून राजूनं खांदा दिला, मागून शेजारच्या पुंजानं. मोहिनी माझ्या झोळीत.

ओहळाशी आलो तर पाणी गढूळ, फुगलेलं. पलीकडे डांबरी रस्ता दिसत होता.

"मांडीएवढंच असंल," राजू म्हणाला. "जाऊ निघून."

भागीबाई पाण्याकडं बघत राहिली. "नाय. डोंगरावरून जाऊ."

"आये, लय फेरा हाय तो."

"मिसर देशातल्या गुलामीतून सुटलेल्या लोकांनाबी जवळची वाट होती. देवानं त्यांना फेऱ्यानं नेलं, रानातून."

"ती गोष्ट हाय, आये. ही मोहिनी हाय."

भागीबाईची बोटं माझ्यात रुतली. तरी ती डोंगराच्या वाटेला लागली, आणि तिच्यामागं आम्ही.

वर धुकं होतं. पावसानं मी जड झाले होते, वेळू कुरकुरत होता.

"आई, मी मरंन का?" मोहिनीनं हळूच विचारलं.

"मला नाय ठाऊक, पोरी. देवाला ठाऊक. तू माझा आवाज ऐकत राहा."

थोडं पुढं गेल्यावर पुंजा थांबला. "काकी, इथं कुठंतरी कडा हाय. पाय कुठं पडतोय तेच दिसत नाय. मागं फिरू."

भागीबाईनं डोळे मिटले. ओठ हलले. मग तिनं काठी घेतली.

"मी पुढं होते. बोलत चालते. माझा आवाज थांबला, तर जागीच थांबा."

ती धुक्यात दिसेनाशी झाली. तीच मिसरातून सुटलेल्यांची गोष्ट सांगणारा तिचा आवाज तेवढा येत राहिला. पुढं समुद्र, मागं फौज, मधी भेदरलेली माणसं. त्यांना वाट दाखवणारा ढग. आणि एकदम आवाज तुटला. दगड गडगडत खाली गेले. डोली जागीच थांबली.

"पाय घसरला," खालच्या अंगानं आवाज आला. "हाय मी. डावीकडून या."

उतारावर धुकं विरळ झालं. रस्त्यावर भाजीची पिकअप मिळाली. दवाखान्यात मोहिनीला मुलगी झाली. मूठभर जीव, पण रडली.

पुढं कळलं, त्याच दुपारी वरच्या पाड्याची माणसं ओहळातून सुखरूप पलीकडे गेली होती. राजूनं ते आईला ऐकवलं. आवाजात राग होता.

"असंल," भागीबाई म्हणाली. "पाण्याचं मला कुठं ठाऊक होतं? चुकले असंन. पण चुकलेल्या वाटेवरबी देव सोबत होता, येवढं मला कळलं."

पोरीला माझ्यावर निजवून राजू बाहेर गेला.

आता मी विरले आहे. वेळूनं घासून एक कड फाटली आहे. पाऊस लागला, की पाड्यावरच्या पोटुश्या बाया अजूनही ओहळाकडं बघतात, आणि मलाही भीती वाटते. भागीबाईसारखा विश्वास माझ्यात नाही. मी नुसती लोकर. म्हणून एवढंच मागते, पाड्यावर रस्ता येईपर्यंत मला टाकून देऊ नका. माझी दुसरी कड अजून वजन धरते.